‘सिगार वगळून’ हे दोन शब्द खोडा

प्रति,
तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारात सामील असलेल्या देशांचे प्रतिनिधी, आणि त्या करारावरून आपापल्या देशात कायदे लिहिणारी सर्व मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मी सिगार ओढतो. रोज नाही, आठवड्याला एक, रविवारी संध्याकाळी, आणि हा नेम वीसेक वर्षं चालू आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं वाचून आपल्याला वाटेल की पत्र कुणा व्यसनमुक्तीवाल्याकडून आलं आहे. तसल्या माणसाशी माझं पाच मिनिटंही पटत नाही.

मागणं लहान आहे. आपल्या कायद्यांमध्ये कुठल्या तरी पोटकलमात ‘सिगार वगळून’ असे दोन शब्द सापडतात. कधी ते तसेच लिहिलेले असतात, कधी व्याख्येच्या आडून येतात. ते खोडा.

आधी माझ्या रविवारच्या तासाबद्दल लिहू द्या, नाहीतर मी काय पणाला लावतो आहे ते कळणार नाही. आठवडाभराची वर्तमानपत्रं मी त्या दिवसासाठी बाजूला ठेवतो. खुर्ची खिडकीशी सरकवतो, पेटीतून एक सिगार काढतो, दोन बोटांत हलकेच दाबून बघतो. पेटीतला दमटपणा पासष्ट ते सत्तर टक्क्यांच्या आसपास राखावा लागतो. कमी पडला तर वरचं पान करकरतं आणि सुटायला लागतं. जास्त झाला तर झुरका ओढताना गालफडं दुखतात. उष्मा वाढला की पानात लपलेली किड्याची अंडी फुटतात आणि तो बारकासा किडा सिगारला टाचणीएवढं भोक पाडून बाहेर येतो. एका उन्हाळ्यात माझी अर्धी पेटी अशी गेली. घरात कुणी सांत्वनाला आलं नाही.

मग टोपी, म्हणजे तोंडाकडचं बंद टोक, कापायची, दुसरं टोक ज्योतीला न टेकवता फिरवत फिरवत शेकायचं, आणि पहिला झुरका. त्यानंतर साधारण मिनिटाला एक. घाई केली तर सिगार तापते आणि कडू लागते. विसरलात तर विझते. म्हणून तिच्या सोबतीनं बातम्या वाचायला बरं पडतं. युद्धाची बातमी या चालीनं वाचली की मथळ्यावर थांबता येत नाही, मजकुरात उतरावंच लागतं, आणि मजकूर बहुतेक वेळा मथळ्याइतका छातीठोक नसतो. तीच बातमी मी सोमवारी फोनवर पाहिलेली असते, तिच्यावर चिडलेलो असतो, मंगळवारी विसरलेलो असतो. रविवारी ती पुन्हा भेटते तेव्हा आतले आकडे बदललेले असतात, मंत्र्यांचं म्हणणं फिरलेलं असतं, आणि माझा राग नेमका कशावर होता तेच आठवत नाही. तासाभरात तीन-चार इंच राख होते आणि आठवड्याचं जग वाचून होतं.

सिगार आणि वर्तमानपत्र यांची गाठ मी घातलेली नाही. हवानाच्या ‘एल फिगारो’ या कारखान्यात १८६५ साली एक पद्धत सुरू झाली. कामगार बाकांवर बसून दिवसभर पानं वळत आणि त्यांच्यासमोर एक जण मोठ्यानं वाचत बसे. त्याला पैसे मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत. सकाळी वर्तमानपत्र, मग कथा-कादंबऱ्या. हात गुंतलेले, कान मोकळे. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेनं हे वाचन बंद पाडलं, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यात नवल नाही: अक्षर न ओळखणाऱ्या मजुराला रोज बातम्या कळू लागल्या तर राज्य करणं अवघड होतं. वाचन पुन्हा सुरू झालं. क्यूबातले कामगार फ्लोरिडात टँपाला गेले तेव्हा वाचकालाही बरोबर घेऊन गेले. तिथल्या मालकांनी १९३१ साली वाचक काढून टाकले. क्यूबात ते अजून वाचतात. १९३५ साली निघालेल्या ‘मोंतेक्रिस्तो’ या सिगारचं नाव कामगारांच्या आवडत्या फ्रेंच कादंबरीवरून आलं असं सांगतात. तेव्हा मी जी वस्तू पेटवतो, तिनं माझ्या आधी बातम्या ऐकलेल्या असण्याची बरीच शक्यता आहे. मला या गोष्टीचा विनाकारण अभिमान वाटतो.

तर अशाच एका रविवारी ब्रिटनच्या संसदेत २०२४च्या नोव्हेंबरात मांडलेल्या विधेयकाविषयी वाचत होतो. १ जानेवारी २००९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही तंबाखू कधीच विकायची नाही, असं ते विधेयक. न्यूझीलंडनं २०२२ साली असा कायदा केला आणि सरकार बदलल्यावर २०२४ साली रद्द केला, ते मी आधी वाचलं होतं. आता ब्रिटनमधल्या सिगारवाल्यांचं म्हणणं होतं की हातानं वळलेली सिगार यातून वगळावी. मी ‘अगदी बरोबर’ असं मोठ्यानं म्हणालो. नात दारात उभी होती. तिचा जन्म २०१०चा.

“म्हणजे आजोबा, असा कायदा आला तर मला मोठेपणीही सिगारेट मिळणार नाही, पण तुमची सिगार मिळेल?”

“हो.”

“का?”

“ती हातानं वळलेली असते.”

“मग मीही सिगारेट हातानं वळीन की!”

ती चेष्टेत बोलली आणि निघून गेली. मी विचार करत राहिलो, आणि सिगार विझली.

त्यानंतर मी आपले कायदे वाचायला लागलो. (निवृत्त माणसाचे उद्योग.) इंग्लंडमध्ये १ जुलै २००७पासून बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानाला मनाई झाली, पण तंबाखूच्या खास दुकानात गिऱ्हाइकाला सिगार किंवा पाइपचा तंबाखू ‘चाखून’ बघायला मोकळीक राहिली. पुढे त्याच देशात सिगारेटच्या पाकिटांवरचे रंग आणि चिन्हं गेली, सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची झाली. सिगारच्या पेट्या सोन्याच्या वर्खासह तशाच राहिल्या. युरोपीय संघानं २०१४च्या निर्देशात सिगारेटमधल्या वेगळ्या स्वादांवर बंदी आणली, २०२०च्या मे महिन्यात मेंथॉलही गेलं. सिगारला ती बंदी नव्हती. अमेरिकेत २०१६ साली सिगार औषध प्रशासनाच्या नियमांखाली आल्या, आणि २०२३ साली न्यायालयानं उंची सिगारना त्यातून बाहेर काढलं.

या सवलतींचं पुढे काय होतं, त्याचा सर्वांत शिकण्यासारखा नमुना अमेरिकेचाच आहे. २००९ साली तिथं सिगारेटवरचा आणि छोट्या सिगारवरचा कर वाढून सारखा झाला. मोठ्या सिगारवर मात्र नगामागे नव्हे, किमतीच्या टक्केवारीनं कर होता. छोटी कुठली आणि मोठी कुठली? हजार नगांचं वजन तीन पौंडांच्या वर गेलं की मोठी. म्हणजे एका नगात जेमतेम १.३६ ग्रॅमच्या वर वजन भरायचं. कारखानदारांनी तेवढं वजन वाढवलं. दिसायला सिगारेट, टोकाला फिल्टर, आणि कायद्याच्या पुस्तकात ‘मोठी सिगार’. त्याच वर्षी सिगारेटमधून फळांचे, मिठाईचे स्वाद हद्दपार झाले होते, सिगारमधून नाही. तेव्हा या ‘मोठ्या सिगारी’ गोड वासाच्या निघाल्या. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या चैनीसाठी ठेवलेल्या दारातून कोण आत शिरलं ते बघा. गोड वासाच्या त्या कांड्या कोणत्या वयाच्या गिऱ्हाइकासाठी होत्या, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

आता आमच्या बाजूचे मुद्दे. ते मला तोंडपाठ आहेत, कारण इतकी वर्षं मीच ते मांडत आलो.

पहिला आणि लाडका मुद्दा: आम्ही धूर छातीत घेत नाही, नुसता तोंडात घोळवतो. तीन वर्षांपूर्वी दाताच्या डॉक्टरांनी गालाच्या आतल्या बाजूला आरसा धरून विचारलं, “तंबाखू?” मी म्हटलं, “सिगार. पण मी छातीत ओढत नाही हो, तोंडातच असतो.” ते म्हणाले, “मीही तोंडातच बघतोय.” चट्टा नव्हता, दाताची कड घासून झालेली जखम निघाली, आठवड्यात बरी झाली. पण त्या आठवड्यात मी जे वाचलं ते विसरता येत नाही. सिगारचा तंबाखू आंबवलेला असतो, त्याचा धूर सिगारेटच्या धुरासारखा आम्लधर्मी नसतो, आणि म्हणूनच त्यातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात जातं. छातीत ओढायची गरजच पडत नाही. जिला मी संयम समजत होतो ती निव्वळ रसायनाची सोय होती. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग तिच्याशी जोडलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं १९९८ सालीच नुसत्या सिगारवर एक जाडजूड अहवाल काढला होता.

वर्तमानपत्र वाचणाऱ्या सिगारप्रेमीनं अमेरिकी सेनापती युलिसिस ग्रँटची गोष्ट तर लक्षात ठेवलीच पाहिजे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२च्या फेब्रुवारीत त्यानं फोर्ट डोनेल्सन जिंकला. लढाईच्या वेळी त्याच्या हातात सिगारचं थोटूक होतं, असं बातम्यांत छापून आलं. लोकांनी कौतुकानं त्याच्याकडे सिगारच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली. दहा हजारांच्या आसपास सिगार जमल्या म्हणतात. तोवर तो बेताचंच ओढणारा होता. एवढी भेट वाया कशी घालवायची! १८८५ साली घशाच्या कर्करोगानं तो गेला, आठवणी लिहून पुऱ्या केल्यावर थोड्याच दिवसांनी. बातमी म्हणून पेटलेली सिगार तेवीस वर्षं जळत राहिली. आमच्या बैठकांमध्ये चर्चिलची गोष्ट निघते, तो नव्वदीपर्यंत जगला म्हणून. ग्रँटची निघत नाही.

दुसरा मुद्दा हस्तकलेचा. इथं माझा हात खरोखरच थरथरतो. चांगला कारागीर पान तळव्यावर पसरतो, चवेता नावाच्या अर्धगोल पात्यानं शीर टाळून कापतो, आतला गाभा पंख्यासारखा दुमडतो म्हणजे हवा आरपार जाईल, आणि वरचं पान असं गुंडाळतो की सांधा शोधूनही सापडू नये. गाभ्यातली पानंसुद्धा तीन तऱ्हेची: झाडाच्या शेंड्याकडचं जहाल लिगेरो, मधलं सुवासिक सेको, आणि नुसतं नीट जळावं म्हणून घातलेलं खालचं वोलादो. (मराठीतला ‘चिरूट’ हा शब्द तमिळमधल्या गुंडाळण्यावरून आला. वस्तूचं नावच कारागिराच्या हाताच्या हालचालीवरून पडलं.) ही कला आहे, यात मला शंका नाही. पण कला आहे म्हणून धूर वेगळा होत नाही. आणि कलेचा एवढा कळवळा असणारे आम्ही लोक त्या कारागिराच्या शेतापर्यंत कधी जातो? ओलं पान हाताळताना निकोटीन कातडीतून अंगात जातं. उलट्या, चक्कर, अशक्तपणा, या दुखण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. २७ सप्टेंबर २०२२ला इयान चक्रीवादळ क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतावर आदळलं आणि पानं सुकवण्याची हजारो लाकडी घरं जमीनदोस्त झाली. तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो पुढच्या वर्षी माल मिळेल का हा. मीही तोच विचारला.

आपल्या करारात कलम १७ आहे, तंबाखूवर पोट असलेल्यांना दुसरा परवडणारा उद्योग मिळवून देण्याचं. कलम १८ आहे, शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्यांच्या आरोग्याचं. करार २००५ साली अमलात आला. कारागिराची काळजी असेल तर ती या दोन कलमांतून घ्या. मला सवलत देऊन त्याच्यावर उपकार होतो, ही समजूत मला सोयीची आहे, त्याला नाही.

तिसरा मुद्दा कुणी उघड मांडत नाही. तो असा की सिगार ओढणारे बरे लोक असतात. थोडे असतात, वयस्क असतात, खिसा भरलेले असतात, आणि कायदे करणाऱ्यांच्या ओळखीचे असतात. कित्येकदा तेच कायदे करणारे असतात. १९६२च्या फेब्रुवारीतली गोष्ट केनेडींचे वृत्तसचिव पिअर सॅलिंजर यांनी स्वतः सांगितली आहे. अध्यक्षांनी त्यांना संध्याकाळी बोलावलं आणि क्यूबाच्या ‘पेटिट अपमन’ सिगार हव्यात, सकाळपर्यंत हजारभर गोळा करा, असं सांगितलं. सॅलिंजर यांनी बाराशे मिळवल्या. दुसऱ्या दिवशी तो आकडा ऐकून केनेडींनी खणातून कागद काढला आणि क्यूबाच्या मालावर बंदीची सही केली. ही गोष्ट आमच्यात हसत हसत सांगितली जाते, आणि ती मजेशीर आहेच. मीही अनेकदा सांगितली आहे. पण नातीच्या त्या प्रश्नानंतर ती सांगताना मला मध्येच अडखळायला होतं. ‘सिगार वगळून’ हा शब्दप्रयोग कागदावर येतो तेव्हा खणात कुणाच्या तरी बाराशे असतात.

मालदीवनं १ नोव्हेंबर २०२५पासून पिढीची बंदी लागू केली: १ जानेवारी २००७ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तंबाखू नाही. कोणत्याच प्रकारचा नाही. तिथं पाहुण्यांचीही गय नाही. छोटा देश आहे म्हणून जमलं, असं म्हणणारे भेटतील. असेलही. पण त्यांच्या मसुद्यात दोन शब्द कमी आहेत, हे मला लिहावंसं वाटलं.

आता आपल्यालाही एक गोष्ट सुनावतो. त्याच नोव्हेंबरात जिनिव्हाला आपली अकरावी परिषद भरली. अशा परिषदांच्या कागदांत आमचं वर्णन ‘वापरकर्ते’ असं येतं, आणि आनंद हा शब्द मला तरी कुठे सापडला नाही. तंबाखूत आनंद नसतोच, नुसती तलफ असते, अशी आपली धारणा दिसते. ती खोटी आहे, आणि खोटी आहे हे ओढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे आपली बाकीची खरी वाक्यंही तो कानाआड करतो. आनंद असतो. भरपूर असतो. तो आहे हे मान्य करून मग किंमत सांगा, लोक ऐकतील.

मी एक प्रयोग केला. एका रविवारी खुर्ची, खिडकी, वर्तमानपत्रं सगळं तसंच ठेवलं आणि सिगार पेटवली नाही. म्हटलं, बघू या सुख कशात आहे: तासात की धुरात. विसाव्या मिनिटाला मी उठलो. पाणी प्यायलो, परत बसलो, एका संपादकीयाचा तोच परिच्छेद तीनदा वाचला, पुन्हा उठलो. पुढच्या रविवारी पेटवली तेव्हा सगळं पुन्हा जागेवर आलं. त्यातला किती भाग सवयीचा, किती निकोटीनचा आणि किती खरोखर माझा, याचा हिशेब मला लागलेला नाही. पण नातीला वयाच्या अठराव्या वर्षी हा हिशेब मांडायला बसवावं असंही वाटत नाही.

म्हणून मागणं पुन्हा तेच. इशारा द्याल तो माझ्या पेटीवरही द्या, सोन्याच्या वर्खावर चिकटवा. कर लावाल तो वजनाच्या पळवाटा न ठेवता लावा. सिगारची खास दालनं बंद करा. तिथं ट्रे घेऊन फिरणाऱ्या पोराची फुप्फुसं काही हातानं वळलेली नसतात. आणि पिढीची बंदी आणाल तर तिच्यातून सिगार सोडवायला येणाऱ्या शिष्टमंडळाला चहा पाजून परत पाठवा. त्यात माझ्या ओळखीचं कुणी असलं तरी.

माझ्या पेटीत आज चौदा सिगार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सिगार ओढणारा

ता. क. – पत्र पुरं झाल्यावर हिला मोठ्यानं वाचून दाखवलं, हवानातल्या त्या वाचकासारखं. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही घरात सिगारेट ओढू देत नाही. मागच्या वेळी माझ्या भावाला जिन्यात उभं केलंत. आणि रविवारी या खोलीत तुम्ही काय करता? ते दोन शब्द आपल्या घरात कधी खोडताय?” मी म्हटलं, खिडकी उघडी असते. ती काही बोलली नाही. खुर्ची सध्या गच्चीत आहे. तिथं वारा फार, वर्तमानपत्र उडतं.